कुबडी की चेंडू

डॉक्टर फार बोलणाऱ्यांतले नव्हते, हे एक बरं होतं. त्यांनी माझा उजवा हात वर उचलला, बाजूला नेला, पाठीमागे वळवला, मी जिथे "आई गं" म्हटलं तिथे थांबले आणि हात परत माझ्या मांडीवर आणून ठेवला. मग म्हणाले, "खांदा झिजलाय. आता तो एकच काम करील. कुबडी धरा, नाहीतर चेंडू मारा. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही जातील."

मला हसू आलं. चालणार की खेळणार, यात विचारण्यासारखं काय आहे? वाण्याने "मीठ देऊ की गुलाल" असं विचारावं, त्यातला प्रकार. पण डॉक्टर हसत नव्हते, आणि बाहेर रिक्षेत बसेपर्यंत माझंही हसू आटलं.

मला पोलिओ झाला तो धड पाऊल टाकायच्या आधीच. डावा पाय आहे, पण नावाला. उजव्या काखेत कुबडी घेऊन मी सगळं आयुष्य काढलं. शाळेत गेले, त्याच शाळेत पुढे क्लार्क म्हणून लागले, अजून तिथेच आहे. रत्नागिरीत सपाट असा काय तो समुद्रच. बाकी चढ नाहीतर उतार. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. रोज सकाळी मी त्या चढते तेव्हा शेजारची माणसं दारात येऊन "सावकाश हां" म्हणतात. इतकी वर्षं म्हणतात. कोणी एकदा तरी "घाई कर" म्हणालं असतं, तर त्याचे पाय धुऊन पाणी प्याले असते.

आमचा खेळ म्हणजे बसून खेळायचा व्हॉलीबॉल. मैदान लहान, जाळी बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा जराशी वर, दोन्हीकडे सहा-सहा जणी. चेंडूला हात लावताना बूड जमिनीला टेकलेलं हवं, उचललं की पॉइंट गेला. लावलेले कृत्रिम पाय, कुबड्या, पायाला बांधायचे कॅलिपर, सगळं बाहेर काढून ठेवायचं आणि हातांच्या जोरावर सरकत चेंडूमागे धावायचं. धावायचं असंच आम्ही म्हणतो. बघणाऱ्याला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं.

या खेळाला गुळगुळीत जमीन लागते. गावात बॅडमिंटनचा हॉल आहे, पण तो पहिल्या मजल्यावर. बांधणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यात आम्ही यायचं काही कारणच नव्हतं. शेवटी एका बागायतदाराने आपली आंबा पॅकिंगची शेड दिली. फरशी छान घोटलेली. हंगाम सुरू झाला की पेट्या आणि गवत आत येतं आणि आम्ही बाहेर जातो; शेवटचा आंबा गेला की फरशी धुऊन आम्ही आत. पावसात त्या फरशीला घाम फुटतो, तो पुसायचा आणि मग खेळायचं. आमच्या पँटी मागून अशा झिजतात की शिंप्याने एकदा न राहवून विचारलं होतं, "ताई, तुम्ही करता तरी काय?"

बघायला कोणी येत नाही. लोकांना आमचा खेळ बघायला आवडत नाही, आमचा सत्कार करायला आवडतो. शाली इतक्या जमल्यात की घरात गोधड्या शिवायची गरज पडलेली नाही. सत्कारात वक्ते माझ्या जिद्दीबद्दल बोलतात. जिद्द कसली? सुट्टीच्या दिवशी खेळायला जाते, त्याला जिद्द म्हणायचं तर नाक्यावर कॅरम कुटणाऱ्यांनाही एकेक शाल द्या.

आईला मी खेळते हे ठाऊक होतं, पण तिच्या लेखी ते भिशीसारखं. बायका जमतात, चार घटका हसतात, घरी येतात. चालणं मात्र तिचं होतं. मला चालवणं हे तिने जन्मभर केलेलं काम. मी लहान असताना ती मला कडेवर घेऊन समुद्रावर जायची, उन्हाने तापलेल्या वाळूत खड्डा काढून मला कमरेपर्यंत पुरायची. त्या उबेने पायात जीव येतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी रडायची, तीही रडायची आणि रडता रडता वाळू सारखी करायची. जीव काही आला नाही. मग कॅलिपर आला, मग कुबडी. वडील मुंबईला गिरणीत होते, वर्षातून दोनदा यायचे. हे सगळं तिने एकटीने केलं. अजून घरी कोणी आलं की चहाच्या आधी तिचं सुरू होतं, "आमची पोर चालते हो, कुनाचा हात लागत न्हाय."

तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलंच होतं. कुबडी. कोल्हापूरकडचा एक संघ आमच्याशी खेळायला यायचा होता, तेवढा सामना खेळायचा आणि थांबायचं. हे मी संघात कोणालाच सांगितलं नाही, घरी तर नाहीच. फक्त माझ्या जागी कोणीतरी तयार करायला हवी होती. मी सेटर, आणि कर्णधारही. पहिल्या हाताने आलेला चेंडू मारणारीसाठी नेमका वर उचलून देते. ते काम नुसत्या जोराचं नाही, त्याला नजर लागते.

नजर होती ती लांज्याकडच्या एकीला. तिशीच्या आतबाहेरची, काजूच्या कारखान्यात बी सोलायला जायची. महामार्गावर ट्रकने उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. काजूच्या तेलाने काळी झालेली तिची बोटं इतकी चपळ होती की चेंडू तिच्या हातात थांबलाय असं वाटायचंच नाही. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, सुटले. ही माझी जागा घेईल.

पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. बसून खेळताना पुढच्या रांगेतल्यांचे पाय जाळीखालून पलीकडे जातात, पलीकडच्यांचे इकडे येतात, आणि ते एकमेकींना लागणारच. नियमाला ते चालतं. हिला चालत नव्हतं. पाय लागला रे लागला की चेंडू हवेत असताना ही वाकायची, समोरचीच्या पायाला हात लावायची आणि तो हात छातीशी न्यायची. तोवर चेंडू तिच्या पाठीमागे पडून शेडीच्या दारापर्यंत गेलेला असायचा.

"चेंडू कुठे आहे?" मी विचारायची.

"ताई, पाय लागला ना."

"लागू दे."

"असा कसा लागू दे? मोठ्या हायत त्या." मग आवाज खाली करून, "नि त्यात माझा ह्यो आखूड पाय. तसला पाय कुनाला लागलेला बरा न्हाय."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या जाणतात. मी तिला काय काय बोलले. चुलीत गेला तुझा नमस्कार म्हटलं. तुझ्या आखूड पायाने कोणाचं वाटोळं होत नाही म्हटलं. एकदा तर तिच्यासमोर बसून मुद्दाम माझा उजवा पाय तिच्या पायांवर आपटत राहिले, सवय व्हावी म्हणून. तर ती दर वेळी माझ्याच पाया पडली. आणि पुढे तर आमच्यातल्या दुसऱ्या दोघीही वाकायला लागल्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. रोज संध्याकाळी खांदा शेकत मी विचार करायची, की हिच्या हातात संघ देऊन मी जाणार कशी? रागापेक्षा थकवाच जास्त यायचा. शिकवण्यासारखं ते नव्हतंच. आईने लहानपणी जे शिकवलं ते मी कुठून पुसणार?

कोल्हापूरकडच्या बायका सकाळी लवकर आल्या. टेम्पोतून उतरल्या, आंबोळ्या खाल्ल्या, शेड बघून "लई भारी हाय की" म्हणाल्या. त्यांच्यात एक पिकल्या केसांची बाई होती, दोन्ही पाय मांडीपासून नव्हते, आणि कर्णधार तीच. जाळीशी ती नेमकी आमच्या काजूवालीसमोर येऊन बसली.

दुसऱ्याच पॉइंटला आमचीचा आखूड पाय त्या बाईच्या मांडीला लागला. चेंडू वर होता. आमची वाकली, नमस्कार केला. आणि त्या बाईने काय करावं? चेंडूकडे जाणारे हात खाली घेतले, हिच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, "असू दे गं बाई, औक्षवंत हो." चेंडू त्यांच्याच बाजूला पडला. पॉइंट आम्हाला मिळाला.

असं पुन्हा झालं. मग आणखी एकदा, तेव्हा पॉइंट त्यांना. त्यांच्यातल्या एका पोरसवदा मुलीचा पाय माझ्या पायाला लागला तर तिनेही वाकून घेतलं. पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. बिचारा बाहेरून आलेला, घामाघूम झालेला माणूस. म्हणाला, "अहो, हा सामना आहे की हळदीकुंकू?"

आम्ही दोघी कर्णधार जाळीतून एकमेकींकडे बघत राहिलो. मला इतकं थकल्यासारखं वाटलं की, द्या काय ते पॉइंट आणि संपवा, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. एवढ्यात आमची काजूवाली म्हणाली, "थांबा. मी गाऱ्हाना घालतंय."

गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने मांडलेलं मागणं. गावाकडे कुठल्याही कामाच्या आधी घालतात. एक जण बोलतो, बाकीचे एका सुरात होकार भरतात. ते बहुतेक पुरुषच घालतात, गावातला मानकरी वगैरे. पण त्या शेडीत पंच सोडला तर पुरुष नव्हता, आणि तो कुठल्या गावचा हे कोणाला ठाऊक? तिने हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आमच्याकडच्या सगळ्या.

"आज आमी बायका हितं खेळायला बसलाव."

"व्हय म्हाराजा!" आता पलीकडच्याही दोघी-तिघी.

"कुनाचा धड पाय, कुनाचा आखूड, कुनाचा न्हायच. ज्येचा ज्येला लागंल, त्येचा नमस्कार तुझ्याकडं आताच जमा करून घे."

"व्हय म्हाराजा!"

"नि मग जी हारंल तिनं देवाला बोल लावू नये."

"व्हय म्हाराजा!" यात पंचाचाही आवाज होता, मी नीट ऐकला.

ती डोळे उघडून म्हणाली, "झाला. आता मारा." आणि त्यानंतर दिवसभरात ती एकदाही वाकली नाही. मी इतके आठवडे डोकं फोडून घेतलं ते तिने एका दमात निस्तरलं. मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडा संतापही आला.

मग खेळ झाला, खरा खेळ. कोल्हापूरच्या बायका ताकदीच्या होत्या, आम्ही चपळ. शेवटच्या सेटमध्ये एक रॅली लांबत गेली, चेंडू कोणाकडेच पडेना. मी डावीकडे सरकले, चेंडू उचलून दिला, मागे सरकले, पुन्हा पुढे. खांद्यात कोणी जळता निखारा ठेवलाय असं होत होतं. पण मला आठवतो तो निखारा नाही. मला आठवतं की चेंडू कुठे पडणार हे मला आधीच कळत होतं, आणि तिथे मी त्याच्या आधी पोचत होते. आधी! आयुष्यात मी कुठेही आधी पोचलेले नाही. मी येईपर्यंत लोक थांबतात, सांभाळून घेतात, खुर्ची धरून ठेवतात. इथे माझ्यासाठी कोणीच थांबत नव्हतं. पलीकडची ती पिकल्या केसांची बाई मला फसवायला बघत होती, डोळ्यांत डोळे घालून, मनापासून. तिने दिला तितका मान मला कुठल्याच सत्कारात मिळालेला नाही.

चालताना मी फक्त चालते. दुसरं काही करायला अंगात उरतच नाही. पुढची पायरी, तिच्यावरचं शेवाळ, कुबडीचं रबर, समोरून येणारी मोटरसायकल. कोणी बरोबर असलं तर त्याचं बोलणं माझ्या कानात शिरत नाही. समुद्राकाठच्या गावात जन्म काढला, पण चालताना मी समुद्र बघितलेला नाही, थांबल्यावर बघितलाय. आणि त्या रॅलीत मी एका वेळी चेंडू बघत होते, ती बाई बघत होते, दारातून येणारं ऊन बघत होते आणि काजूवालीला ओरडून सांगतही होते, "तुझा, तुझा!"

सामना आम्ही हरलो. थोडक्यात नाही, चांगल्या हरलो. मिठ्या मारून झाल्या, कोकम सरबत झालं. सगळ्या आपापले पाय चढवायला लागल्या. काजूवाली माझ्याशेजारी येऊन पट्टे बांधत म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेला मला तुमच्या बाजूला बसवा. तुमी चेंडू सोडता कसा, ता मला जवळनं बघायचाय." पुढच्या खेपेला मी नाही, हे सांगायची हीच वेळ होती. मी "बघू" म्हटलं.

बागायतदाराचा गडी माझी कुबडी घेऊन आला. चांगला माणूस. "घ्या ताई, सावकाश," म्हणाला.

मी बसूनच राहिले. मला उठायचं नव्हतं. दुःख नव्हतं, रडू येत नव्हतं, हरल्याचं तर काहीच नव्हतं. कंटाळा आला होता. उठायचा, ती काखेत घ्यायचा, पायऱ्या मोजत घरी जायचा जन्मभराचा कंटाळा एकदम अंगावर आला. खेळून मी दमले नव्हते. चालून दमले होते, आणि हे मला तोवर कधी माझ्याशीसुद्धा बोलता आलं नव्हतं.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले. म्हटलं, कुबडी सोडली तर? त्यांनी चष्मा काढला. बॅटरीवर चालणारी खुर्ची घेतलीत आणि खांद्यावरचा भार उतरवलात, तर अजून काही वर्षं खेळता येईल, म्हणाले. "पण एक ध्यानात घ्या. या वयात एकदा चालणं थांबलं की पाय पुन्हा भार घेत नाही. परत फिरता येणार नाही." मी म्हटलं, कळलं. ते म्हणाले, घरच्यांशी बोला. घरच्यांत एकच माणूस होतं.

आई ओटीवर वाल सोलत बसली होती. दुपारची वेळ, पुढ्यात भिजवलेल्या वालांची परात. मी समोर उभी राहिले, कुबडीवर भार देऊन. बसले असते तर धीर सुटला असता.

"आये, मी खुर्ची घेतेय. चाकांची."

"कुनाला?"

"मला."

तिने वर बघितलं. "पडलीस काय कुठं?"

"नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. खांद्याचं, डॉक्टरांनी कुबडी की चेंडू म्हणून विचारलं त्याचं, आणि मी काय ठरवलं ते. परत फिरता येणार नाही, हेही. ती ऐकताना सोलत राहिली. चिमटीत वाल धरायचा, दाबायचा, पांढरा दाणा परातीत, साल बाजूला.

"चेंडवासाठी चालायचा सोडतेस," ती म्हणाली.

"हो."

"खुळी हायस. नि पायऱ्यांचा काय करशील?"

"लांबचा वळसा पडेल, पण मागच्या वाटेनं रिक्षा येते दारात."

तिने आणखी दोन-चार वाल सोलले. मला वाटलं, निभावलं. मग ती खाली बघतच म्हणाली, "मग मी येवढी वर्सा काय केला?"

या प्रश्नाची मी वाट बघत होते. त्याच्यासाठी मी रात्ररात्र वाक्यं जुळवली होती, तुझ्यामुळे शाळा झाली, नोकरी झाली, मान वर करून जगले, अशी. खरीच होती ती. पण तोंडातून आलं ते एवढंच. "तू मला चालवलंस, आये. मी चालले. आता दमले."

"दमलीस म्हंजे? दुखता काय?"

"हो."

"खांदा?"

"खांदा आता. कंबर आणि हात पहिल्यापासून."

तिचे हात थांबले. "पयल्यापासून म्हंजे कदीपासून?"

"चालायला लागले तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

वाऱ्याने वालाची सालं उडून अंगणात गेली. तिने ती जाऊ दिली. "मग बोलली का न्हायस?" तिचा आवाज चढला होता, मी लहानपणी काही लपवलं की चढायचा तसा. "येवढ्या वर्सांत एकदा तरी बोलायचा!"

"तू इथेच उभी असायचीस. मी येताना दिसले की तुझं तोंड असं फुलायचं. काय बोलणार होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली, तोंडाकडे नव्हे, काखेकडे, जिथे कुबडी घासून माझ्या सगळ्या पोलक्यांना ठिगळं लागतात. ती ठिगळं तिनेच लावलेली. डोळे भरून आले तिचे, आणि माझेही.

"मला वाटायचा, तुला आवडता चालायला," ती म्हणाली.

मी मान हलवली, नाही म्हणून. तिने ओल्या हाताने परात बाजूला सारली, आपल्याजवळची जागा पदराने पुसली.

"बस गो," ती म्हणाली. "बस आता."